प्रधान मॅडम आणि तीन नंबरचा रिअॅक्टर

कारखान्यात कच्चा माल संपतो, किस्से संपत नाहीत. चौक गावच्या धाब्यावर आम्ही मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीचे चार शिफ्टवाले जमलो की एकेक बाहेर निघतो. प्रधान मॅडमचे किस्से मात्र हसत सुरू होतात आणि मग कुणीतरी ताटात बघत बसतो.

त्याचं असं झालं, की आमचे प्लँट हेड एका सोमवारी आलेच नाहीत. मेलवर राजीनामा, फोन बंद! तीन नंबरच्या रिअॅक्टरचं कूलिंग दगा देत होतं, आतलं केमिकल तापून तो कधी फुटेल याचा नेम नव्हता आणि हेड ऑफिस दुरुस्तीसाठी तो बंद ठेवू देत नव्हतं. साहेब सुटले, आम्ही अडकलो.

आमच्याकडे साहेबांच्या होकाराशिवाय पानही हलत नसे. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनचा आचारी माझ्याकडे आला.
"भाजी कंची करू?"
"मला काय विचारतोस?"
"सायेब गेलं ना रं! आता कुनाला इचारू?"

* * *

नवा हेड मिळेपर्यंत हेड ऑफिसने प्रधान मॅडमना आणलं. दुसऱ्या एका कारखान्यातून रिटायर होऊन त्या कर्जतला राहत होत्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, "इथे कशाची भीती वाटते?"

तीन नंबरवरचा दामू भोईर उठला. "मॅडम, मी घरी पोचंपर्यंत माझी बायको जेवत नाय."

"आज तिला वेळेवर जेवायला सांगा," मॅडम म्हणाल्या, आणि तीन नंबर बंद केला.

* * *

हेड ऑफिसचा फोन आला. मॅडमनी तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.
"मॅडम, तुम्ही तात्पुरत्या आहात. एवढे मोठे निर्णय घेऊ नका."
"मी तात्पुरतीच आहे हो. पण माणूस तात्पुरता भाजत नाही!"

* * *

एकदा मी पंप बदलू का, हे विचारायला गेलो.
"तुम्हाला काय वाटतं?"
"बदलावा."
"मग मला कशाला विचारता? उद्या मीही जाणार आहे."

तेव्हा रागच आला होता. पण त्यानंतर आमचे निर्णय आम्ही घेऊ लागलो आणि दुरुस्तीची मंजुरी न आल्याने बंदच असलेला तीन नंबर सोडला, तर बाकीचा प्लँट सुरळीत चालू लागला. इतका सुरळीत, की हेड ऑफिसला वाटलं, आता मॅडमची गरज काय!

* * *

नवे साहेब आले. मॅडमनी जाता जाता सगळ्यांसमोर त्यांना तीन नंबरचं दुखणं समजावलं. "थँक यू मॅडम," साहेब म्हणाले. मॅडमची गाडी कर्जतकडे वळली आणि साहेब म्हणाले, "तीन नंबर चालू करा. दुरुस्ती पुढच्या महिन्यात बघू."

मी म्हटलं, "सर, धोका आहे."
"जबाबदारी माझी."

तीन नंबरच्या शेडच्या भिंतीला लावलेली बाइक दामूने काढली, ढकलत गेटबाहेर नेली आणि रस्त्यापलीकडे उभी केली. परत येऊन किल्ली वॉचमनच्या हातात ठेवली.
"ऱ्हाऊ दे तुज्याकडं. पोरगा येल न्यायाला."

मग हेल्मेट चढवून तो कामावर गेला.

त्याच्यामागून दुसऱ्याने बाइक काढली. मग तिसऱ्याने. मीही माझी काढली. वॉचमनने गेट सताड उघडून ठेवलं.

साहेब केबिनच्या खिडकीत येऊन उभे राहिले. शेडच्या भिंतीला आता फक्त त्यांची कार उरली होती.