यज्ञेश्वरभटांनी पाहिलेलं धरण

यज्ञेश्वरभट दशाश्वमेध घाटावर दक्षिणेतल्या यात्रेकरूंची क्रियाकर्मं करत. फुगलेलं मढं वाहत आलं तरी त्यांचा मंत्र अडखळत नसे. पण धरण पाहून आले आणि कितीतरी दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

पुण्याचे नीलकंठराव त्यांचे यजमान. मावळात विजेसाठी मोठं धरण झालं, त्याच्या दगडाचं कंत्राट नीलकंठरावांकडे होतं. वडिलांच्या अस्थी घेऊन स्वतःच्या मोटारीने ते काशीला आले आणि परतताना म्हणाले, "गुरुजी, चला. धरण दाखवतो. जलपूजनही तुमच्याच हातून होऊ दे."

भट मोटारीत कधी बसले नव्हते. हौसेने निघाले. मिर्झापूर, जबलपूर, नागपूर असे मुक्काम करत मंडळी पोचली.

आधी डोंगरघाटाखालचं वीजघर पाहून झालं. अजस्र नळ, गरगरणारी चक्रं, तेलाचा उग्र वास. भटांना नवल वाटलं. मग सगळे वर धरणाच्या भिंतीवर आले. तिथे नीलकंठरावांच्या ओळखीचे, धरणाच्या कंपनीतले साहेबलोक अंडी-कटलेट खात बसले होते. रिकाम्या बाटल्या जलाशयात भिरकावत होते. एक मजूर बाई अंड्यांची टरफलं गोळा करत होती. भटांना पाहून ती थबकली.

"म्हाराज, तुमी काशीचं न्हवं? माज्या सासऱ्याचं पिंड तुमीच घातलं व्हतं. मी सीता."

"हो, हो! गाव कुठलं गं तुझं?"

तिने पाण्याकडे बोट केलं. "ह्येच्या खाली. घर, भातखाचरं, मसणवटा, समदं. धनी गेलं तवा जाळाया जागा न्हाई. दुसऱ्या गावानं हाकललं. वढ्याकाठी वल्ल्या लाकडावर अर्धंच जळालं. त्यास्नी गती मिळंल का, म्हाराज?"

भट बोलणार, तोच नीलकंठराव म्हणाले, "अगं, तुझ्या वाडवडिलांना घरबसल्या जलसमाधी मिळाली. काशीची खेप वाचली!"

मंडळी खो खो हसली. एकाने उष्टं कटलेट तिच्या पायाशी टाकलं. "हेही उचल."

भट कठडा धरून भडभडून ओकले.

"मोटार लागली वाटतं," नीलकंठराव म्हणाले. "जरा पडा, मग पूजा उरकू."

"पूजा? थू! लोकांच्या मसणवट्यावर बसून जेवता, शरम नाही वाटत? हटो सामने से!" रागाच्या भरात त्यांच्या तोंडी घाटावरची हिंदी आली.

ते सीतेकडे वळले. "नवऱ्याचं नाव सांग, बाई."

ती पदर तोंडाशी धरून लाजली. मग हळूच म्हणाली, "बाळा."

भट पायीच घाट उतरले आणि आगगाडीने काशीला परतले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाळाचं श्राद्ध यथासांग केलं.

वर्षाने नीलकंठराव आईच्या अस्थी घेऊन दारात उभे राहिले. भटांच्या पत्नी कालिंदीबाई आत येऊन कुजबुजल्या, "अहो, पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान आहेत."

"त्या माउलीचं सगळं नीट होईल. शेजारच्या विश्वेश्वरशास्त्र्यांकडे पाठव," भट म्हणाले. "त्या माणसाच्या हातावर मला पाणी सोडवणार नाही."

आणि ते बाहेर आलेच नाहीत.