माझ्या आवाजामागचे ड्रम्स

ड्रमर कसा असावा यावर मी जेवढा भांडलोय तेवढा बायकोशीही भांडलेलो नाही. माझं म्हणणं साधं होतं. गाणं साधं असेल तर ड्रमरने ताल धरावा आणि गप्प बसावं. माझा मित्र म्हणायचा, "गप्पच बसायचं तर मला कशाला बोलावलंस? घड्याळ लाव की." वेलिंग्टनमधल्या माझ्या गराजमध्ये दर शनिवारी दुपारी हे भांडण चालायचं, तीन वर्षं. शेवटी मी जिंकलो. कसा जिंकलो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

आम्ही दोघंही पुण्याचे, २०१२ मध्ये इथे न्यूझीलंडला आलो. मी आयटीवाला, तो कोल्ड स्टोरेजची मशिनं सांभाळणारा इंजिनिअर. पुण्यात तो बारा वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होता. ताशा आणता आला नाही म्हणून नुसत्या काड्या घेऊन आला होता, एअरपोर्टवर लाकडी वस्तू म्हणून रीतसर डिक्लेअर करून. इथे आल्यावर त्याने सेकंडहँड ड्रमसेट घेतला आणि घरातल्या बैठकीच्या खोलीत मांडला. पंधरा दिवसांत शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून कौन्सिलचा माणूस नोटीस घेऊन दारात. मग तो सेट माझ्या गराजमध्ये आला, कारण माझा शेजारी सुदैवाने बहिरा होता. माझ्या ऑफिसमधला एक किवी, म्हणजे इथलाच माणूस, बास गिटार वाजवायला यायचा. त्याला मराठीतलं फक्त 'पुन्हा' कळायचं, कारण मी दुपारभर तेच ओरडायचो.

मित्र दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढायचा, ड्रमला नमस्कार करायचा आणि मग जो सुटायचा की विचारू नका! कधी स्नेअरवर, म्हणजे पुढच्या छोट्या ड्रमवर, स्टीलची ताटली ठेवून वाजव, कधी ड्रमच्या काठ्या टाकून ताशाच्या काड्याच घे. एकदा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पोहे पाठवले होते, तर त्या रिकाम्या डब्यावर अख्खं कडवं वाजवलं. बासवाला "स्वीट अ‍ॅज" म्हणजे 'एकदम झकास' असं म्हणून हसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

"अरे, हा काय लक्ष्मी रोड आहे का? जरा हळू वाजव!"

"तुला कळत नाही," तो शांतपणे म्हणायचा. "दोन ठोक्यांमध्ये जी जागा राहते ती ताशाची. ती रिकामी सोडली तर आमच्याकडे मागून शिव्या पडायच्या."

"इथे मी गातोय. जागा माझी आहे."

"तू गाताना मी कुठे मध्ये येतो?"

मला तर तो सगळीकडे मध्ये येतो असंच वाटायचं.

२०१४ च्या हिवाळ्यात माझे वडील पुण्यात वारले. तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आलो आणि एक गाणं लिहिलं, आयुष्यातलं एकमेव. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील ऑफिसातून आले की खालून हाक मारायचे आणि मी गॅलरीतून किल्ली टाकायचो. लॅच होतं, आई घरी नसायची आणि ते जिने चढून येईपर्यंत थांबून दार उघडायचा मला कंटाळा. गाण्यात एवढंच होतं. तीन कॉर्ड, तीन कडवी आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, 'किल्ली टाक, मी आलोय'. ती ओळ लोकांना नीट ऐकू यावी, यापलीकडे मला काही नको होतं. मी त्यांना पोचवायला नव्हतो. निदान गाणं तरी धड व्हावं, असं मनात घेऊन बसलो होतो.

पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते वाजवायचं असं ठरलं. आधी रेकॉर्ड करू, असं मीच म्हणालो. मंडळाच्या हॉलमध्ये ड्रमसेट लावायला परवानगी नव्हती, त्यामुळे तिथे रेकॉर्डिंगच लावणार होतो. एका शनिवारी गराजमध्ये आम्ही तिघं एकत्र वाजवायला बसलो. प्रत्येकापुढे वेगळा माइक, ड्रम्सना चार, प्रत्येकाचा ट्रॅक कॉम्प्युटरमध्ये वेगळा. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर रजई टाकली, वारा घुसू नये म्हणून शटर खाली ओढलं. तरी व्हायचं ते झालंच. रात्री ऐकलं तर माझ्या गाण्याच्या माइकमध्येही मागून ड्रम्स घुसलेले. माझ्या वडिलांच्या गाण्यात, च्यायला, माझ्याच तोंडाशी याचा धडधडाट!

दोन आठवडे ऑफिसातून आल्यावर मी तेच करत बसलो. त्याचा आवाज कमी कर, अजून कमी कर. एका संध्याकाळी सहन होईना, तेव्हा ड्रम्सचे चारही ट्रॅक निवडले आणि डिलीट केले. कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकले, म्हणजे परत मोह नको. नंतर बासचा ट्रॅकही उडवून मी एकटाच बसून पुन्हा गायलो आणि मागे कॉम्प्युटरचा ताल लावला. ठक, ठक, ठक, ठक. एकदम स्वच्छ.

त्याला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. खरं तर मी घाबरलो होतो.

गणपतीच्या कार्यक्रमात हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. तो नवा कुर्ता घालून पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, आता माझ्या बाबाचं ड्रमिंग ऐकू येणार. गाणं सुरू झालं. ठक, ठक. पहिलं कडवं संपायच्या आत तिने मान वळवून मोठ्याने विचारलं, "बाबा, दॅट्स नॉट यू?"

त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाणं संपेपर्यंत समोर बघत राहिला. नंतर मोदकांच्या रांगेत माझ्यापाशी आला. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान झालंय रे. आता शब्द ऐकू येतात."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आम्ही भांडलो असतो आणि पुढच्या शनिवारी परत बसलो असतो. पण पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्यानंतरच्याही नाही. महिन्याभराने स्टेशन वॅगन घेऊन आला आणि ड्रमसेट भरून घेऊन गेला. मी एक एक ड्रम उचलून दिला. सेट त्याने विकला असं नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. २०१६ मध्ये त्याला टौरंगाला नोकरी लागली, किवीफ्रूटच्या कोल्ड स्टोअरमध्ये. मग दिवाळीला फॉरवर्ड केलेले दिवे आणि वाढदिवसाला केकचं चित्र, तेवढंच. 'हॅपी हॅपी रे' असं लिहायचा. भेटू भेटू म्हणत राहिलो. सात-आठ तासांचं तर ड्राइव्ह, कधीही जाऊ.

२०१९ च्या एप्रिलमध्ये, किवीफ्रूटच्या ऐन सीझनमध्ये, कामावरच तो कोसळला. हार्ट. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस! मी पहाटे गाडी काढली आणि थेट टौरंगा गाठलं. या वेळी अंत्यविधीला वेळेवर पोचलो, पण त्याला त्याचा काय उपयोग?

दोन दिवसांनी निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. मुलगी त्यांच्या मागे उभी होती, आता अकरा वर्षांची आणि अगदी त्याच्या तोंडवळ्याची.

"भावजी, एक मागायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "हिला बाबाचं वाजवणं ऐकायचंय. जुन्या फोनमधलं सगळं गेलं. तुम्ही त्या दिवशी गराजमध्ये रेकॉर्ड केलं होतं ना? मला माहीत आहे, गाण्यात नाही घेतलंत. पण असेल ना तुमच्याकडे?"

"आहे की," मी म्हणालो. "पाठवतो."

धडधडीत खोटं बोललो. सगळ्या रस्त्याने तेच डोक्यात. घरी आल्या आल्या जुनी हार्ड डिस्क काढली. ड्रम्सचं काहीच नव्हतं. चार वर्षांपूर्वी राग काढला होता तो अगदी नीटनेटका काढला होता. त्या दिवसाची एकच फाइल राहिली होती, माझ्या माइकची, साफसफाईच्या आधीची.

हेडफोन लावले. सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज, मग मी: "आज तरी हळू वाजव हां." आणि लांबून तो हसतोय. "बरं बाबा. एक, दोन, तीन, चार."

तिथेच थांबवलं आणि रडलो. परत लावलं. पुढे माझा आवाज, मोठा, अगदी कानाशी. तो मागे, भिंतीपलीकडे असल्यासारखा. पण मी जिथे श्वास घ्यायला थांबतो तिथे तो स्पष्ट ऐकू येत होता. पाच-सहा वेळा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की मी शब्द म्हणत असताना तो फक्त ताल धरून होता. सगळी करामत माझ्या श्वासांच्या जागी होती. 'किल्ली टाक, मी आलोय' म्हणून मी थांबलो की त्याच्या ताशाच्या काड्या स्नेअरवर पडायच्या, बारीक, झरझर, आणि खाली येऊन एकदाच ठण्ण. किल्ली पडल्यासारखं. तिन्ही कडव्यांना. तिसऱ्यात तो जरा जास्तच सुटला होता, हे मी आजही म्हणेन. पण माझ्या वडिलांना किल्ली त्याने टाकली होती आणि मी ती पुसून टाकली.

वहिनींना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जे आहे ते पाठवा." मी ती फाइल जशीच्या तशी पाठवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये मेसेज आला, वहिनींच्या फोनवरून, पण मुलीचा. तिने लिहिलं होतं, थँक यू काका, बाबाचं हसणं ऐकू आलं, मी ते परत परत, हीप्स ऑफ टाइम्स, ऐकलं. आणि खाली विचारलं होतं, तुमचा आवाज थोडा कमी करता येईल का, म्हणजे मला बाबा नीट ऐकू येईल.

बसमध्येच लॅपटॉप उघडला. त्या दिवशी प्रयत्न केला, नंतरही खूप केले, माहीतगार माणसांना दाखवलं. एकाच माइकमधले दोघं आहोत. मला कमी केलं की तोही कमी होतो.