फॉइलचे पाच रविवार

बाबांचं पुण्याला परत जायचं तिकीट बुधवारचं होतं आणि त्याआधी सहा रविवार उरले होते. मी फ्रिजवर कागद लावला. त्यावर सहा चौकोन, आणि खाली डबा, थर्मास, जास्तीचे मोजे, फावडं, मशीनच्या बॅटऱ्या. आमच्या घरात कोणी काही इच्छा बोलून दाखवली की तिची यादी मला करावी लागते.

ही इच्छा बाबांची होती. ते सोनार. रविवार पेठेतल्या छोट्या दुकानात त्यांनी पन्नास वर्षं काढली. कार्डिफला माझ्याकडे राहायला आल्यावर एकदा त्यांनी टीव्हीवर वेल्सच्या डोंगरातल्या जुन्या सोन्याच्या खाणी बघितल्या आणि जेवता जेवता म्हणाले, "आमच्याकडे आलेलं सोनं कायम कोणीतरी आधीच वितळवलेलं. मातीतून निघतं तसं एकदा हातात घ्यायला हवं होतं." त्यांचं वय एक्याऐंशी. पुन्हा इतका प्रवास झेपणार नाही, हे ते येतानाच सांगत आले होते.

म्हणून मी नवशिक्यांसाठीचं, त्यातल्या त्यात स्वस्त मेटल डिटेक्टर मागवलं. दोन तासांवर, जुन्या खाणीच्या खालच्या अंगाला एक मेंढ्यांचं रान होतं. तिथल्या मालकीणबाईंकडून लेखी परवानगी घेतली. जमिनीतलं कच्चं सोनं इथे राजाचं असतं, तेही बाबांना आधीच सांगून टाकलं.

"म्हणजे सापडलं की राजाला द्यायचं?"

"निदान कळवायचं तरी."

"कळव की. पण आधी मला दाखव, मग राजाला."

पहिल्या रविवारी मशीन सारखं वाजत होतं. प्रत्येक आवाजाला मी खणलं आणि दुपारपर्यंत चॉकलेटचे चंदेरी कागद, कॅन उघडायच्या चकत्या आणि सँडविचचं चुरगाळलेलं फॉइल असा पिशवीभर कचरा जमवला. आठवडाभर हॉस्पिटलात अपॉइंटमेंट्स देण्याच्या नोकरीत बसून राहिल्यावर माझ्या कंबरेत फारसं काही उरत नाही. मालकीणबाई कुंपणाशी येऊन पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "उत्तम! पुढच्या वेळी गोठ्यामागची बाजूही साफ कराल?" मी ते भाषांतर करून सांगितल्यावर बाबा खूप हसले.

घरी येऊन मी मॅन्युअल काढलं. मशीनच्या पडद्यावर लोखंड, फॉइल, चकत्या, नाणी असे चौकोन होते. नको तो चौकोन बंद केला की त्या वस्तूला मशीन वाजत नाही. मी लोखंड, फॉइल आणि चकत्या बंद केल्या, आणि फ्रिजवरच्या कागदावर 'कचऱ्याचा प्रश्न मिटला' असं लिहिलं. मॅन्युअलमध्ये आणखी एक सूचना होती की शोधताना धातू जवळ आणू नये. बाबांच्या बोटात सोन्याचं वेढणं, हातात खुरपं. त्यामुळे त्यांनी माझ्यापासून चार पावलं मागे राहायचं, असा नियम केला.

त्यानंतरचे रविवार शांत गेले. मी रानाच्या पट्ट्या आखल्या होत्या. एक पट्टी संपली की कागदावर रेघ मारायची. मशीन तासातून एखादं नाणं दाखवी. बाबा चार पावलं मागून मफलर गुंडाळून चालत. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "हे फारच गप्प झालंय, नाही का गं?"

"आता नीट लावलंय, बाबा."

"बरं."

चौथ्या रविवारी ते गाडीत बसून राहिले. पाचव्याला पुन्हा आले, पण अर्ध्या पट्टीनंतर दगडावर टेकले. सोमवारी सकाळी शॉवरखाली मला खांदा वर करता येईना.

शेवटच्या रविवारी वारा होता. बाबांचा हातमोजा उडून नेमका मशीनच्या टोकाच्या तबकडीपुढे पडला. मी थांबायच्या आत ते वाकले आणि त्यांचा उघडा हात तबकडीवरून गेला.

मशीन वाजलं नाही.

त्यांनी हात परत फिरवला. आणि पुन्हा एकदा, वेढण्याचं बोट अगदी टेकवून.

"अगं, याला माझं सोनं कळत नाही."

मी मशीन हातात घेतलं आणि बंद केलेले चौकोन एकेक करून उघडले. फॉइल उघडल्यावर मशीन त्यांच्या बोटावर वाजलं. पहिल्या रविवारी चंदेरी कागदाच्या कपट्यांवर वाजायचं तसंच. लहानसं सोनं आणि फॉइल या मशीनला सारखीच वाटतात. मॅन्युअलच्या पुढच्याच पानावर तसं लिहिलंही होतं. मला हवं ते मिळाल्यावर मी पान उलटलं नव्हतं.

"मीच बंद केलं होतं," मी म्हटलं. "कचरा नको म्हणून."

"कधीपासून?"

"दुसऱ्या रविवारपासून."

बाबांनी हातमोजा झटकून घातला. "दुकानात पहिल्या वर्षी मी केर काढून रस्त्यावर टाकला होता," ते म्हणाले. आमच्या दुकानातला केर टाकत नाहीत. डब्यात साठवतात, आणि वर्षाकाठी तो धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात. "वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून केरसुणी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, बस."

बाबा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

उरलेल्या दोन तासांत आम्ही वाजेल तिथे खणलं. मी खणायचं, बाबांनी ढेकूळ बोटांनी फोडायचं. चार पावलांचा नियम मोडला. एकवीस वेळा मशीन वाजलं आणि एकवीस वेळा ते फॉइल निघालं. प्रत्येक कपटा बाबांनी चष्मा वर करून पाहिला, मगच पिशवीत टाकला. अंधारून आल्यावर म्हणाले, "चल. मला आता उठवत नाही." मी त्यांना हात देऊन उठवलं. बुधवारी ते पुण्याला परतले.

फ्रिजवरचा कागद मी काढला नाही. त्यावर पाच चौकोन वाढवले, वाया घालवलेल्या रविवारांचे. सगळ्या पट्ट्या पुन्हा, या वेळी सगळं उघडं ठेवून. दोन झालेत. जाताना कंटाळा येतो, परतताना पाठ धरते, आणि मालकीणबाईंचं रान आता पंचक्रोशीत सगळ्यात स्वच्छ आहे.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावते आणि पिशवी वर्तमानपत्रावर ओतते. पुण्यात तेव्हा बाबांची झोपायची वेळ झालेली असते, पण ते चष्मा लावून बसतात.

"जवळ आण. उलटं कर. दिव्याखाली धर जरा."

मी धरते.

"नाही. पुढचं दाखव."