टॅबलेटच्या पोटातलं मशीन

कंपनीने 'हे चालणार नाही' म्हटलेलं चालवून दाखवल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही, असा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच: आमचे डोंबिवलीचे शेजारचे काका. आयुष्यभर एका कंपनीचे सर्व्हर सांभाळले आणि त्याच कंपनीने एका ईमेलवर त्यांना घरी बसवलं. मी त्याविरुद्ध आमच्या संघटनेचं पत्रक काढायला निघाले, तर म्हणाले, "नको गं, लोक त्यात भजी खातील." लॅपटॉप काकूंच्या ऑपरेशनला विकला गेला. उरला लेकीचा जुना टॅबलेट. बनवणाऱ्यांनी मंजूर केलेलंच त्यात चालवायचं म्हणे! काकांनी त्याच्या पोटात आख्खा दुसरा संगणक उभा केला, व्हर्च्युअल मशीन, आणि त्यावर लिनक्स, म्हणजे सर्व्हरवर चालते ती फुकटातली प्रणाली. "विकत घेतला आम्ही, मालक ते कसे?" हे वाक्य मी दोन सभांत चोरून वापरलंय.

ते मशीन सुरू व्हायला कुकर लावून वरण-भात होईल एवढा वेळ लागे. टॅबलेट तापला की काका त्याला स्टीलच्या ताटात ठेवून आमच्याच पत्रकांनी वारा घालत. मध्येच दुसरं काही उघडलं तर मेमरी पुरत नसे आणि आतलं मशीन बंद पडे. म्हणून घरात सक्त कायदा: हात लावायचा नाही. काकूंनी एकदा बारशाचे फोटो उघडले.

"अगं, मारलंस त्याला!"

"सुटलं बिचारं. आता दळण आणा."

मग नोकरीच्या इतक्या अर्जांतून एकाच ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. फोनच्या कॅमेऱ्यासमोर सर्व्हर चालवून दाखवायचा होता. हे हुकलं तर समोरच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं, असं त्यांनी काकूंना कबूल केलं होतं. मी माझा लॅपटॉप पुढे केला. "माझ्या मशीनवर दाखवीन," म्हणाले. फोन मी धरला. मशीन छान सुरू झालं. तेवढ्यात पलीकडून माझ्याच वयाचा साहेब म्हणाला, "सर, ईमेल पाठवलाय, जरा बघता?"

"हो सर, लगेच सर!"

कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या माणसाने साहेबी आवाज ऐकला आणि नोकरीतल्या सवयीने त्याच टॅबलेटवर ईमेल उघडला. ईमेलमधून परत येऊन बघतात तर आतलं मशीन बंद.

"पंधरा मिनिटं द्या सर, पुन्हा सुरू होतंय."

"कळवतो आम्ही."

त्या पोराला फोनमधून ओढून बाहेर काढावंसं वाटलं मला. पंधरा मिनिटं! आयुष्य घेतलंत की तुम्ही कंपनीवाल्यांनी त्यांचं! काकांनी मात्र मशीन पुन्हा सुरू केलं. काकू येऊन शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने अक्षरं उमटली. काकांनी पासवर्ड टाकला, सर्व्हर चालू केला आणि इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढत म्हणाले, "चालतं गं. बघ ना, चालतं."

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या.