कासम मास्तर आणि पालखीचा खांदा

प्रश्न विचारून झाला की कासम मास्तर खडू खिशात टाकत आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसत. "आता मी गप. बोला बाबांनो!" आणि खरंच गप बसत हो! शेवटी आम्हालाच तोंड उघडावं लागे.

पालीजवळच्या आमच्या गावात ते खाडीकडून बदलून आले. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, दारूच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. आम्हाला वाटलं, आता रोज प्रवचन. सरकारची दारूबंदी होती, पण रानातल्या हातभट्ट्यांना ते कोण सांगणार? आदल्या शिमग्यात आमची वरची नि ती खालची वाडी दारू पिऊन पालखीसमोरच भिडल्या. माझ्या बाबांचा हात मोडला, तो वाकडाच जुळला. पुन्हा नांगर धरता आला नाही त्यांना. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हापासून एकच म्हणे, "येऊ दे शिमगा. बघतोच एकेकाला."

शिमगा तोंडावर आला तेव्हा मास्तरांनी आम्हा सातवीच्या पोरांना विचारलं, "माणूस पितो म्हणून मारतो, की मारायचं म्हणून पितो?" खडू खिशात.

"दारूच मारते गुरुजी," दत्तू म्हणाला.

मी ताडकन उठले. "खोटं! ह्याचा बापूस रोज पितो नि पाणंदीत पडून गाणी म्हणतो. शिमग्याला मात्र सगळे ठरवून पितात. शुद्धीत शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घालवत नाही ना, म्हणून!"

वर्ग खदखदला, दत्तूसुद्धा. मास्तर हसले नाहीत. "मग हे गावाला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा की."

"मी सांगितलं तर ते मास्तराचं बोलणं होईल, बाय. तू सांगितलंस तर गावाचं."

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात टेकली. दादा खांदेकरी, तोंडाला भपकारा, कमरेला कोयती. दर घराच्या वतीने गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणतो. एकदा म्हटलं की तो देवाला दिलेला शब्द. गुरवकाकांनी विचारलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग गो."

मी काकांच्या कानात सांगितलं. ते चपापले, पण घराचं गाऱ्हाणं गुरवाने अडवायचं नसतं.

"बा म्हाराजा! ज्या तोंडाला दारूचा वास, त्याचा खांदा तुझ्या पालखीला नको!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने अख्खा गाव गरजला. आणि मग आपण काय बोललो ते एकेकाच्या ध्यानात आलं.

पालखी उचलायला कोणी पुढे येईना. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं आता कानाखाली बसणार. पण तो मागे सरला. मग खालच्या वाडीचे खांदेकरीही सरले. शेवटी आमच्या वर्गातली पोरं पुढे झाली. पुढचा दांडा दत्तूने धरला. माझी छाती अशी फुगली म्हणता! अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे मास्तर उभे होते. खडूच्या हाताने डोळे पुसून तोंड पांढरंफटक करून घेतलं होतं त्यांनी.

त्या शिमग्यात काठी उठली नाही. दादाची कोयती पुन्हा रानात भाजावळीसाठी फांद्यांची कवळं तोडू लागली. पिणं सुटायला त्याला आणखी बराच काळ लागला, पण सुटलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही बहीणभाऊ त्यांच्या गावी गेलो. जनाजा निघाला, तसा दादा पुढे झाला. एका म्हाताऱ्या चाचांनी विचारलं, "तुम्ही त्यांचे विद्यार्थी?"

"नाही चाचा," दादा म्हणाला, "पण माझा खांदा चालेल त्यांना. तोंडाचा वास घेऊन बघा."