पट्टा ढिला हाय, हे सांगायला सर लागतात

ग्रुपवरच्या बायांनो, आज सकाळची गोष्ट सांगते. पोटात ठेवली तर जेवण जायचं न्हाय.

माझी नात रेणुका इंजिनिअर हाय. इथं सास्तुरात, घरच्या ओसरीत तिनं एक मशीन बनवलंय. तिळाएवढे पार्ट उचलायचे अन् सर्किटच्या बोर्डावर नेमक्या जागी ठेवायचे, हे त्याचं काम. सोमवारी पुण्याची माणसं बघायला येणार. त्यांना पसंत पडलं तर तिला काम मिळणार.

पण पट्ट्यावर सरकणारा मशीनचा हात जाताना बरोबर ठेवायचा अन् परत येताना केसभर चुकायचा. म्या चार दिवस सांगत होते, "पोरी, पट्टा ढिला हाय." चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय म्या. चाक उलटं फिरवलं की ढिला पट्टा आधी झोल खातो, मग ओढतो.

"आज्जे, हे ब्लाउज शिवायचं मशीन न्हाय," ती म्हणाली. माझा लेक हसला.

आज तिच्या कॉलेजचे सर आले. अंगठ्यानं पट्टा दाबला अन् म्हणाले, "ढिला आहे."

"वा सर, एका मिनिटात पकडलंत," लेक म्हणाला. चहा म्या केला.

सर गेल्यावर रेणुकानं पट्टा ताणला. लई ताणला. म्या चुलीपाशी बसलेय, तरी मोटर कण्हलेली इथवर ऐकू येतीया. सोमवारपर्यंत ती टिकायची न्हाय.

मला अजून कुणी विचारलं न्हाय. बायांनो, उठून सांगू, का परत सर येऊस्तोवर चहाचं आधण ठेवू?