हेलिकॉप्टरमधून दिसलेला पदर

अंबडहून उडालो तेव्हा पाऊस थांबला होता, पण गोदावरी फुगतच होती. सत्तरच्या दशकातला तो एक पावसाळा. काठावरच्या वस्तीतली माणसं पांढरीवर (गावठाणाच्या उंचवट्यावर) अडकली होती. मी तिथला तलाठी, म्हणून वाट दाखवायला हवाई दलाच्या चेतक हेलिकॉप्टरमध्ये मला बसवलं.

समोर सगळी काचच. पाती फिरू लागली तसा आवाज कानांपेक्षा दातांत जास्त जाणवला. मग धाव नाही, धक्का नाही. जमीन अलगद खाली गेली. पंजाबी वैमानिक दांडी इतक्या हलक्या हातानं धरत होते की एवढं मोठं यंत्र त्यांच्या मनानंच वळतंय असं वाटे. मी साखळी टाकून मोजलेली शेतं मात्र मलाच ओळखू येईनात. बांध बुडालेले, वर नुसते बाभळींचे शेंडे.

पांढरी दिसली. मधोमध एक म्हातारी पदर धरून उभी होती.

"पदर पसरून विनवतेय," मी ओरडलो. "यहीं उतारो, साब."

वैमानिकांनी हेलिकॉप्टर हवेतच थांबवलं. भर वाऱ्यात ते जागचं हललं नाही.

"माँग नहीं रही, पटवारीजी. देखो, सिर के ऊपर ताना है. कुछ दिखा रही है."

तेव्हा मला तिच्या डोक्यावरून गेलेली विजेची तार दिसली. वैमानिकांनी वळसा घेतला आणि पलीकडच्या खळ्यावर अंड्यावर हात ठेवावा तसं यंत्र टेकवलं.

म्हातारीचं नाव कौसाबाई. पाती थांबल्यावर तिनं वैमानिकांना बाजरीची भाकर आणि ठेचा दिला. त्यांनी डोळ्यांत पाणी येईतो खाल्लं.

मग ती माझ्याकडे वळली. "तलाठी आप्पा, आमच्या रानाची हद्द बराबर दिसती तुमाला. तार न्हाई दिसली?"

"मला वाटलं, बोलावून राह्यल्या."

"दोन हातांनी तारेवानी ताणला की. मंग आनिक कसं सांगावं?"

आधी लेकरं न्यायची ठरलं. कौसाबाई शेवटच्या फेरीला थांबली.

पहिल्या फेरीत लेकरांबरोबर मी अंबडला परतलो. मला उतरवून हेलिकॉप्टर लगेच पुन्हा उडालं. हेलिकॉप्टर तारेत अडकता अडकता वाचलं, एवढंच लेकरांनी सांगितलं. लोकांनी गृहीत धरलं, माहीतगार माणूस सोबत होता, तार त्यानंच दाखवली असणार. कोणीतरी गळ्यात हार घातला. मी मान वाकवली. पुढं सत्कार झाले, तेव्हाही गप्प राहिलो.

कौसाबाई जाऊन खूप वर्षं झाली. तिची नातवंडं अजून मला वाकून नमस्कार करतात. आजीला आप्पांनी वाचवलं, असं आपल्या मुलांना सांगतात. म्हणून आता लिहून ठेवतो. तार तिनं दाखवली, वैमानिकांनी ओळखली. तिथंच उतरा म्हणणारा मी होतो.